कडप्प्याचा ओटा कुणी जाळला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी भेटणाऱ्या दोस्तांना नाही. अब्बांना तर नाहीच — त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो, ते पुढे येईलच. आता सांगायला बसलो आहे खरा, पण सगळं एका दमात बाहेर येईल असं वाटत नाही. मध्येच थांबेन, भलतीकडे वळेन. इतकी वर्षं जे दाबून ठेवलं ते काय असं सहज सुटतं?

आधी माझा धंदा सांगतो. मी जुन्नरचा. फरशी पॉलिशचं काम आमच्या घरात अब्बांपासून. पण माझ्या वाट्याला त्यातला असा एक कोपरा आला, की ज्याबद्दल चारचौघांत बोलायची सोय नाही — हॉटेलं, मंगल कार्यालयं, दवाखाने, असल्या ठिकाणची टॉयलेट. पिवळी पडलेली युरिनलं, गंजाचे ओघळ आलेली बेसिनं, टवके उडालेल्या फरश्या, डागाळलेले ओटे — हे सगळं पहिल्यासारखं करून द्यायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरच्यांनी मुलीकडच्यांना सांगितलं, पोरगा मार्बलचं काम करतो. मार्बल होताच. तो कुठे बसवलेला असतो, एवढंच सांगायचं राहून गेलं. बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

हसलात? हसा. इथवर सांगायला मलाही मजा येते.

काम मला आवडायचं, हेही सांगून टाकतो. नाक दाबून लोक जिथून बाहेर पडतात तिथे आपण चार दिवस बसायचं, आणि पाचव्या दिवशी त्याच लोकांनी तिथे आरशात बघून केस विंचरत उभं राहायचं — यात एक नशा असते. त्या नशेनंच माझा घात केला असं म्हणणार होतो. पण नको. नशेनं नाही, मीच केला, आणि तोही माझा नाही, दुसऱ्याच कुणाचा.

तर — आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. नळाखाली, बेसिनच्या कडेनं पांढरा थर धरतो. चिनी मातीच्या टाइल्सवर तो असला तर पाण्यात ॲसिड घालून फिरवायचं, ब्रश मारायचा, भरपूर पाण्यानं धुवायचं, काम संपलं. पण ओटा कडप्प्याचा असेल तर ॲसिडची बाटली त्याच्या जवळपाससुद्धा न्यायची नाही, हा अब्बांचा नियम. काळा कडप्पा दिसायला दणकट. पण ॲसिड पडलं की तो फसफसतो आणि तेवढ्या जागी राखेसारखा पांढुरका, खरबरीत होऊन बसतो. मग कितीही पुसा. तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो. कडप्प्यावरचा थर काढायचा तर पॉलिशचा बारीक दगड घ्यायचा, पाणी सोडत राहायचं आणि तास-दीड तास मुकाट्यानं घासायचं.

आणखी एक गोष्ट आमच्यात सगळेच करतात. काम मालकाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी कडप्प्यावर गोड्या तेलाचा हात फिरवतात. दगड काळाभोर दिसतो, मालक खूश होतो. नवरदेवाला हळद लावावी तसं ते. आठ-दहा दिवसांत साबणाच्या पाण्यानं तेल निघून जातं, पण तोवर कुणाला त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबच्या जवळ एक हॉटेल होतं. त्याचं नाव सांगत नाही, शेठचंही नाही. त्यांची यात चूक नव्हती. शेठ हुशार माणूस. बायकामंडळी बसमध्ये असली की बस भजी बघून थांबत नाही, टॉयलेट बघून थांबते, हे त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी बघायला कॉलेजच्या सहली यायच्या, त्या परतताना आपल्याकडे थांबाव्यात असं त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून त्यांनी टॉयलेट दुरुस्तीला काढली आणि मला बोलावलं. अब्बांचे गुडघे तेव्हा गेलेले. मी एकटाच गेलो.

तिथली साफसफाई द्रौपदाबाई करायची. चाळिशीची, बुटकी, चालणं झपाट्याचं. जवळच्याच वाडीवर घर. नवरा होता, पण कामाच्या बाबतीत नसल्यातच जमा. मुलगी मंचरला कॉलेजात शिकत होती, आणि ती शिकत होती ती या बाईच्या या नोकरीवर. द्रौपदाबाईनं टॉयलेट साफ करायला जाणं घरच्यांना आधी पसंत नव्हतं. तिनं ते कानाआड केलं होतं.

पहिल्याच दिवशी तिनं मला तिची फडकी दाखवली. हो, फडकी — कुणी पाहुण्याला नवी साडी दाखवावी तशी. संडासाचं फडकं वेगळं, त्याला कडेनं लाल दोऱ्याची टीप घातलेली. बेसिनच्या ओट्याचं वेगळं, जुन्या धोतराचं, पांढरंशुभ्र. दोन्ही दोन टोकांच्या खिळ्यांवर वाळत.

"ह्येचा हात त्येला लागू द्यायचा न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "लोकं त्वांड धुत्यात हितं."

हॉटेलात सगळे मला रशीदभाई म्हणायचे. ती एकटी भाऊ म्हणायची. मी पाच-सहा दिवस तिथे होतो, तेवढ्यात तिनं मला युरिनलच्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन गळक्या जागा दाखवल्या, ज्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. कामाची नजर होती तिला. मला ती आवडत होती — वाकडा अर्थ नको, कारागिराला कारागीर आवडतो तशी.

शेवटचा दिवस. सगळं झालं होतं. टाइल्स चमकत होत्या, शेठ संध्याकाळी बघायला येणार होते. द्रौपदाबाई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "समदं झ्याक झालं भाऊ, पर नळाखालचं ह्ये पांढरं काय जात न्हाई. म्या लई घासलं."

मी म्हणालो, दोन मिनिटांत काढतो, तुम्ही तोवर चहा सांगून या.

दोन मिनिटं! दीड तासाचं काम. पुढे किती वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला घाई होती, जुन्नरला दुसरं काम थांबलं होतं. काही थांबलं नव्हतं. मला मिरवायचं होतं. जे तिला इतके दिवस घासून जमलं नाही ते ती चहा घेऊन परत येईपर्यंत गायब झालेलं तिनं बघावं आणि तोंडात बोट घालावं, एवढंच मला हवं होतं. नियम माहीत नव्हता असं नाही. मी ॲसिड पाण्यात नेहमीपेक्षा पातळ केलं आणि वाटलं, इतक्यानं काय होतंय? नळाखाली ओतलं आणि फडक्यानं फिरवलं.

फसफस झालीच. मी तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. थर गेला होता. आणि त्याच्याबरोबर दगडही गेला होता — ताटाएवढी राखाडी जागा, मधे, अगदी आरशासमोर.

द्रौपदाबाई चहा घेऊन आली तोवर मी ओट्यावर पाण्याचं फडकं पसरून ठेवलं होतं. ओला कडप्पा काळाच दिसतो. मी तिला म्हणालो, बाई, आता किचनमधून वाटीभर गोडं तेल आणा. तिनं आणलं. वाटी हातात धरून ती उभी राहिली आणि मी तिच्यासमोर ओट्याला तेल लावलं. सगळेच लावतात, तिला वेगळं काय वाटणार? डाग तेलाखाली बुडाला.

"आरसाच झाला की ओ!" ती म्हणाली.

मी तिचा चहा घेतला. संध्याकाळी शेठ आले, त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, माझी पाठ थोपटली. तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं? खरं सांगू — फारसं काही नाही. तेव्हाचं तेव्हा बघू, इतकंच. माणूस वाईट वागताना फार विचार करतो असं तुम्हाला वाटत असेल, तर माझा अनुभव तसा नाही.

दहा-बारा दिवसांनी आमच्या शेजारच्या दुकानात शेठचा फोन आला. ताबडतोब या.

मी गेलो. तेल उतरलं होतं. राखाडी जागा उघडी पडली होती. शेठ, त्यांचा मॅनेजर आणि द्रौपदाबाई ओट्यापाशी उभे होते. शेठ रागात नव्हते, गोंधळलेले होते. त्यांनी मला विचारलं, रशीदभाई, हे काय आहे? तुम्ही या कामातले जाणकार, तुम्हीच सांगा. मी वाकून बघितलं — जणू पहिल्यांदाच बघतो आहे — आणि म्हणालो, शेठ, हे ॲसिडचं काम आहे. आणि हॉटेलात ॲसिडची बाटली कुणाच्या ताब्यात असते ते सगळ्यांना माहीत होतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. बाकीचं त्यांनी आपापसात ठरवलं.

नाही. हे असं झालं नाही.

बघा, सांगायला बसलो तरी जीभ वळली ती जुन्याच वळणावर. हीच हकिकत मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो — मी कुणाचं नाव घेतलं नाही. आता जे झालं ते सांगतो.

मी ॲसिड म्हणालो तशी द्रौपदाबाई पुढे आली. घाबरलेली नव्हती. "न्हाई शेठ," ती म्हणाली, "माझी बाटली हिकडं येतच न्हाई. माझी फडकीबी येगळी हायती." आणि खात्री पटावी म्हणून ती धावत जाऊन खिळ्यावरचं पांढरं फडकं घेऊन आली. ओट्याचं फडकं. ते तिनं माझ्या हातात दिलं. शेठच्या नाही, माझ्या. भाऊला कळतं, भाऊ सांगेल — असा तो विश्वास होता.

मी ते फडकं नाकाशी नेलं. सगळे बघत होते. त्याला उन्हाचा आणि साबणाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. मी दोनदा हुंगलं, आणि म्हणालो, "येतोय. ॲसिडचा वास येतोय. बाईंनी संडासाचं फडकं इथं फिरवलंय, नाहीतर दोन्ही एकत्र भिजवलीत."

फडक्याला लागलेल्या ॲसिडनं ताटाएवढा दगड खाल्ला जात नाही. धंद्यातल्या कुणीही हे ओळखलं असतं. पण तिथे धंद्यातला मी एकटाच होतो.

तिनं फडकं माझ्या हातातून परत घेतलं आणि स्वतःच्या नाकाशी नेलं. हुंगलं. परत हुंगलं. तिच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं आता ती बोलेल, की कुठाय वास? आता ती म्हणेल, की त्या दिवशी मी चहा आणायला गेले तेव्हा तुम्ही काय करत होता? पण ती तसं काही बोलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग फडक्याकडे, आणि मग हळूच म्हणाली, "आसंल. म्या कवा तरी चुकले आसंल."

शेठनी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. ओरडले वगैरे नाहीत. तिनं बादली जागेवर ठेवली, दोन्ही फडकी तिथेच सोडली आणि गेली. मी मान खाली घालून ओट्याचं माप घेत होतो. माप मला पाठ होतं.

मग दोन दिवस बसून मी तो ओटा परत आणला. आधी जाडा दगड, मग मधला, मग बारीक, सतत पाणी सोडत, सगळा ओटा एका पातळीत उतरवत. तेल लावायची गरजच उरली नाही, इतका नितळ झाला. ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे — हा ॲसिडनं जळालेला दगड, ओळखून दाखवा. त्या ओट्यावर माझं नाव झालं. मंचर, नारायणगाव, घोडेगाव, जिथे कुठे कुणाच्या टॉयलेटमधला दगड खराब झाला तिथे मला बोलावणं येऊ लागलं. आज घरात जे काही आहे ते त्याच्यावर उभं राहिलं आहे.

अब्बांनी त्या वेळी विचारलं होतं, कडप्पा जळला कसा? मी सांगितलं, तिथल्या बाईनं ॲसिड लावलं. अब्बा म्हणाले, त्या बिचारीला काय माहीत असणार, ज्याला माहीत आहे त्यानं तिला सांगून ठेवायला हवं होतं. मी हो म्हणालो. पुढे अब्बा गेले. जाताना त्यांना वाटत होतं की त्यांच्या मुलानं नियम कधी मोडला नाही.

सात-आठ वर्षं गेली. मढच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यावर पावसाळी पर्यटकांसाठी एक नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथलं काम मला मिळालं. मॅनेजर मला टॉयलेट दाखवत होता. सांगता सांगता हसून म्हणाला, आमच्याकडे एक बाई आहे, कामाला वाघीण, पण ॲसिडच्या बाटलीला हात लावत नाही. म्हणते, माझा हात चांगला न्हाई. तिला आम्ही चादरी धुवायला ठेवलंय. आणि तिथेही बघा — हे फडकं वेगळं, ते फडकं वेगळं, दहा-दहा वेळा धुते आणि प्रत्येक वेळी नाकाला लावून बघते.

मागच्या अंगणात दोरीपाशी ती उभी होती. केस पांढरे झाले होते, चालणं थोडं मंदावलं होतं. मी ओळख न दाखवता वळणार होतो — हेही कबूल करतो. पण तिनं मला आधी बघितलं.

"भाऊ! वळखलं का न्हाई?"

मुलगी मढलाच दिली होती. बारावीनंतर तिचं शिक्षण पुढे झालं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला विचारायची गरज होती का? नवरा वारला होता, म्हणून ही इकडे मुलीजवळ राहायला आली होती. हे सगळं तिनं हसतमुखानं सांगितलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, तवाचं येक मनात राह्यलंय. तुमी येवढा झ्याक केल्याला वटा माझ्यामुळं जळला. तुमाला डबल काम पडलं. म्या लई आठवून बगितलं, पर फडकं कवा चुकलं त्ये काय ध्यानात येत न्हाई. तुमाला वास आला, मला तर त्योबी आला न्हवता. तवापास्नं माझा माझ्या हातावं भरवसाच न्हाई बगा."

अंगणात आम्ही दोघंच होतो. शेठ नव्हते, मॅनेजर आत गेला होता. माझं नाव झालेलं होतं, कुणी ते काढून घेणार नव्हतं. पहिल्या वेळी मी भ्यालो होतो असं म्हणता येईल. या वेळी मला कसली भीती होती? एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं तिचे हात तिला परत मिळाले असते.

"मला माफ केलं न्हवं, भाऊ?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "केलं, बाई. कधीच केलं. मनात ठेवू नका."

होय, मी तिला माफ केलं. अगदी मोठेपणानं, थोडंसं हसूनसुद्धा. तिचे डोळे भरून आले. तिनं आतून दुसऱ्या एका बाईला हाक मारून बोलावलं आणि तिला सांगितलं, "ह्ये आमचं जुन्नरचं भाऊ. लई मोठ्या मनाचा मानूस." ती बाई माझ्याकडे बघून हसली. मी दोघींना हात जोडले आणि कामाला लागलो. चार दिवस काम केलं. रोज ती समोरून जायची, रोज मला बोलता आलं असतं.

ती अजून मढलाच आहे. जुन्नरहून एसटी जाते, तासाभराचा रस्ता. मी गेलेलो नाही. उद्या जाईन असंही म्हणत नाही, कारण तसं मी पुष्कळ वेळा म्हणून झालं आहे. तिच्या लेखी तो दगड तिच्या हातानं गेला आणि मी तिला क्षमा केली. खरं काय ते आता तुम्हाला कळलं. तिला अजून कळलेलं नाही.